बाळ-बाळंतीण सुखरूप

आमची मुलगी झाली तेव्हा मी नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहिली. सगळ्यांवर एकच मजकूर होता: कन्यारत्न झालं, बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळ सुखरूप होतं हे खरं. बाळंतिणीचं मी गृहीत धरलं होतं. सरकारी कचेरीत कारकून असलेला माणूस पुष्कळ गोष्टी गृहीत धरतो. बरेचदा त्या तशा नसतात, पण फाइल पुढे सरकते.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही मुलुंडला एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो: मी, माझी बायको आणि माझी आई. बायकोची आई तिच्या लहानपणीच वारली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. तिची सगळी उस्तवार माझ्या आईनं केली. शेक, धुरी, काढे, डिंकाचे लाडू, कशात काही कमी पडू दिलं नाही. तिच्या पोटात काय जातंय यावर आईचं बारीक लक्ष होतं. मनात काय चाललंय ते पाहणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

पहिले दहा-बारा दिवस बरे गेले. बारसं झालं, पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. नंतर एका सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा ती पाळण्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. मूल रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. जणू शेजारच्या घरातलं कुणाचं तरी रडतंय. मी म्हणालो, "अगं, घे की तिला." तिनं घेतलं, पाजलं, परत ठेवलं आणि परत भिंतीला टेकली. मी चपला घातल्या आणि निघालो. कचेरीत उशीर झाला तर खाडा लागत असे, आणि बायको भिंतीला टेकून बसली हे उशिराचं कारण होऊ शकत नव्हतं.

पुढे हे रोजचंच झालं. ती नीट जेवेना, दुपारी मूल झोपलं तरी तिला झोप येईना. कुणी काही विचारलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि का रडतेस असं विचारलं की म्हणायची, माहीत नाही. "माहीत नाही" हे उत्तर आमच्या चाळीत कुणालाच चालत नसे. तिथं सगळ्यांना सगळं माहीत असायचं. पलीकडच्या पेन्शनर गृहस्थांनी निदान केलं की मुलगी झाली म्हणून मन खट्टू झालंय, पुढच्या वेळी मुलगा झाला की होईल बरी. म्हणजे ज्यामुळे आजार जडला तोच उपाय म्हणून पुन्हा एकदा करायचा होता. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी, ज्यांना पाच मुलं होती आणि त्यांतलं एकही त्यांनी कधी कडेवर घेतलेलं नव्हतं, मला सांगितलं की लाड कमी करा. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या मनसोक्त तडतडल्या. सगळ्यांना समाधान वाटलं, फक्त बायकोच्या चेहऱ्यात काही फरक पडला नाही.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते, घाईत होते. त्यांनी जीभ पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या आणि एक टॉनिक लिहून दिलं. बाहेर पडताना मला बाजूला घेऊन म्हणाले की काही नाही, मन रमवा, एखादं विनोदी नाटक दाखवा. मी आज्ञाधारक माणूस. मूल आईकडे ठेवून मी तिला ठाण्याला नाटकाला घेऊन गेलो. लोक पोट धरधरून हसत होते, आणि माझ्या शेजारी ती पदर तोंडाशी धरून तीन अंक रडत होती. मागच्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं की ती हसतेय. त्या कौतुकानं म्हणाल्या, "फारच रंगतंय, नाही?"

माझं स्वतःचं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. मी त्या दिवसांत फार कर्तव्यदक्ष झालो होतो. कचेरी सुटल्यावरसुद्धा बसून दुसऱ्यांच्या फायली पुऱ्या करायचो. साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली. मला घरी जायची भीती वाटत होती हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. जेवण जात नव्हतं. दाराशी आल्यावर मी आधी कान लावायचो, आत कोण रडतंय, बायको की मूल, आणि मगच कडी वाजवायचो.

मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी करून घरी आलो. आई देवळात कीर्तनाला गेली होती. पाळणा रिकामा होता. बायको मागच्या दाराच्या पायरीवर चाळीच्या विहिरीकडे पाठ करून बसली होती, जणू कुणी तिला तिकडे बघू नकोस म्हणून बजावलं होतं. मूल कुठाय, मी विचारलं.

"शेजारच्या काकींकडे ठेवून आलेय," ती म्हणाली. "माझ्याजवळ नको ती."

"का?"

"मला माझा भरवसा वाटत नाही." मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय करू विचारावं तशी म्हणाली, "मी सकाळपासून दोनदा विहिरीपाशी जाऊन आले."

मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो.  

शेजारच्या काकी मालवणकडच्या. त्यांचे यजमान भांडुपच्या एका कारखान्यात होते. आमच्यात नि त्यांच्यात मासळीच्या वासावरून आईनं एक अदृश्य भिंत बांधलेली होती. थोड्या वेळानं त्या मुलीला खांद्यावर घेऊन आल्या, आम्हा दोघांना पायरीवर तसं बसलेलं पाहिलं आणि काहीही न विचारता आमच्यासमोर जमिनीवर फतकल मारली. बायकोला म्हणाल्या, "माझा पण असाच झाला होता गो. थोरल्याच्या येळेक. दोन म्हयने माका पोराक घेवचाच वाटला नाय." बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू काकींनी तिला नाटकाचं तिकीट नव्हे, कोंडलेल्या खोलीची किल्ली दिली होती. "मग?" तिनं विचारलं. काकी म्हणाल्या की मग काही नाही, बहिणीनं येऊन पोराला सांभाळलं, मी झोपले, कुणीतरी सोबत बसून राहिलं, हळूहळू गेलं.

आणि उठता उठता माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि तू रे? तू जेवतंस मां?"

तोवर बाळंतिणीची चौकशी अर्ध्या मुलुंडनं केली होती. मी जेवतो का, हे विचारणारी ही पहिली व्यक्ती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदका आला. तीस वर्षांचा, चष्मा लावणारा, पर्मनंट नोकरीतला मी मागच्या दारी ढसाढसा रडलो. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. कित्येक आठवड्यांत तिनं आपणहून केलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवसापासून काकींनी आमचं घर ताब्यात घेतलं. रोज दुपारी मूल त्यांच्याकडे, आणि बायको झोपायची. झोप नाही आली तर नुसती आडवी पडायची, पण तिला एकटी सोडायचं नाही. मी विहिरीकडच्या दाराला आतून कुलूप घातलं, पंधरा दिवसांची रजा काढली आणि मुलीची दुपटी धुवायला घेतली. हा मात्र चाळीला खरा धक्का होता. बाई विहिरीपर्यंत जाऊन येते ते कुणाला दिसलं नव्हतं, पण पुरुष दुपटी वाळत घालतो हे चारी बाजूंनी दिसत होतं. पेन्शनर गृहस्थ दोरीसमोर दिवसातून तीनदा फेऱ्या मारू लागले.

आईला हे काहीच रुचलं नाही. नात परक्या घरात, सून दिवसाढवळ्या पांघरुणात आणि मुलगा मोरीत. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी मोरीत बसलो असताना ती दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

ती म्हणाली, "तू झालास तेव्हा चार महिने मी तुझं तोंड धड पाहिलं नव्हतं."

मी वर पाहिलं.

"वाटायचं, हे कुणाचं मूल माझ्याजवळ आणून ठेवलंय. सासूबाईंनी अंगारा लावला, मांत्रिक आणला. मी कुणाला बोलले नाही. तुझ्या वडलांनाही नाही." ती पुढं म्हणाली, "मला वाटलं होतं, असं माझं एकटीचंच झालं."

मग माझ्या हातातलं दुपटं तिनं ओढून घेतलं, कारण म्हणे मला पिळता येत नव्हतं. त्या संध्याकाळी ती सुनेच्या उशाशी बसून तिच्या केसांना तेल लावत होती. दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी आई स्वतः मुलीला घेऊन काकींकडे गेली आणि तासभर तिथंच बसली. मासळीच्या वासाबद्दल काही बोलली नाही.

बायको एका दिवसात बरी झाली नाही. कधी चार दिवस चांगले जात, पाचव्या दिवशी पुन्हा भिंत. पण आता भिंतीशेजारी कुणीतरी बसलेलं असायचं. मुलगी पालथी पडायला लागली त्या सुमाराला एका सकाळी मी चहा केला, तर ती म्हणाली की हा चहा आहे की दुपटी धुतलेलं पाणी. सहा महिन्यांत कुणी माझी इतकी छान कानउघाडणी केली नव्हती. मी तो चहा आनंदानं दोन कप प्यालो.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यातच तिनं मला समोर बसवलं. "या वेळी तसं झालं तर टॉनिक आणू नका, नाटकाला नेऊ नका," ती म्हणाली. "रजा काढा आणि काकींना हाक मारा." मी दोन्ही केलं. हेडक्लार्कसाहेबांनी माझा रजेचा अर्ज हातात धरून विचारलं की बाळंतपण बायकोचं, मग घरी तुमचं काय काम? मी त्यांना सांगितलं की गेल्या खेपेला मी कचेरीत बसून फार काम केलं होतं, त्याची थोडी परतफेड आहे. त्यांना ते कळलं नाही, पण अर्जावर सही झाली.

त्या खेपेलाही ते भिंतीला टेकून बसणं आलं. तीन आठवडे राहिलं, आणि गेलं.