पेण ते रोहा, व्हाया आत्याबाई

चालणाऱ्या माणसाच्या पायाला फोड येतात आणि तोंडाला किस्से. फोड आठवड्यात बरे होतात, किस्से मात्र दरवर्षी वाढत जातात. माझी बायको म्हणते, "तुम्ही देवाला जाता की गोष्टी गोळा करायला?" खरं सांगायचं तर दोन्हीसाठी!

आमचा चार जणांचा कंपू आहे. दसऱ्याच्या सुमारास आम्ही पेणहून रोह्याला ग्रामदैवताच्या पालखीला चालत जातो. खाडीपट्ट्यातली जुनी माणसं जायची त्याच वाटेनं. हायवे नाही, शेताचे बांध, मिठागरांच्या कडा, गावांतल्या दगडी पायवाटा, म्हणजे पाखाड्या. कासू, नागोठणे, निडी, अष्टमी, मग कुंडलिकेवरचा पूल आणि पलीकडे रोहा.

कंपूत कोण कोण? खरे सर, भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. मंगेश, पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखतो. द्वारकामावशी, जन्म मिठागरावर गेलेली, साठी उलटलेली आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे चालणारी. आणि मी, मेडिकल स्टोअरवाला. माझ्याकडे बँडेज असतं म्हणून मला घेतात.

*

ही जुनी वाट नकाशावर आणायची, म्हणजे बाहेरच्या चालणाऱ्यांनाही येता येईल, असं खरे सरांनी पहिल्याच वर्षी ठरवलं. मोबाईलवर रेघ उमटत होती. संध्याकाळी बघतो तर रेघ म्हणजे दारू प्यायलेला साप! सरळ जायचं सोडून वाट मध्येच डावीकडे एका वाडीत शिरायची, परत बाहेर यायची, मग उजवीकडच्या गावाला वळसा घालायची.

सर रंगात आले. "इथे पूर्वी खाडीचं पाणी चढत असणार! हा वळसा भरतीचा! आणि हा बहुतेक जकात चुकवायला!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणावर एका ओटीवरून हाक आली, "द्वारके! तशीच चाल्लीस व्हय गो?" ती मावशीची आत्या निघाली. चहा झाला. पुढच्या वळणावर चुलत नणंद. घावन झाले. तिसऱ्या वळणावर कोण होतं ते मावशीलाही नीट सांगता येईना, पण जेवण झालं!

ढेकर देता देता सर एकदम थांबले. पूर्वी लेकी ज्या ज्या गावात दिल्या, त्या त्या गावातून वाट गेलेली! देवाला निघालेला बाप वाटेत लेकीचं तोंड बघून जायचा. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे नकाशावरचं "भरती" खोडलं आणि लिहिलं, "आत्या".

*

मंगेशची एक खोड आहे. झिजलेला देव दिसला की त्याचे हात शिवशिवतात. पिशवीत ब्रश आणि रंगाच्या डब्या कायम असतात. वाटेवरच्या कित्येक देवांना त्यानं नवी नजर दिली आहे.

एका वर्षी कासूच्या पुढे झाडाखाली एक गोल गुळगुळीत दगड दिसला. भर उन्हात बसून त्यानं त्याला असे काही डोळे काढले की मावशीनं हात जोडले. सरांनी फोटो काढला. आम्ही पुढे गेलो.

पुढच्या वर्षी बघतो तर दगडाला शेंदूर, जास्वंदीचा हार, वर पत्र्याचं छप्पर आणि पुढ्यात घंटा! मंगेशची छाती फुगली. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक आजोबा काठी टेकत आले.

"तो डोलंवाला तूच काय रं?"

"व्हय," मंगेश लाजत म्हणाला.

"लोकं नवस बोलतात आता. भलं झालं. पण मी माजी म्हस कुठं बांदू, ता सांग!"

आजोबांची म्हैस बांधायची तीस वर्षांची जागा देवाला गेली होती. तरी त्यांनी आम्हाला त्याच म्हशीच्या दुधाचा चहा पाजला. निघताना आजोबांनीही घंटा वाजवली, हेही सांगायला हवं.

*

नकाशा फिरू लागला तसे बाहेरचे पाहुणेही येऊ लागले. एका वर्षी पुण्याची एक मुलगी आली. चांगली तरणीताठी, पाठीवर सॅक, सॅकमधून तोंडापर्यंत पाण्याची नळी आणि दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या.

नागोठण्याच्या अलीकडे एका ओटीवर एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मुलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"येवडी तरणी पोर, नि दोन दोन काठ्या? गुडगं गेलं काय गो बाय?"

मुलगी हसून सांगायला लागली, की आजी, हे बॅलन्ससाठी असतं. म्हातारीनं ऐकूनच घेतलं नाही. आत जाऊन कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि मुलीचे बूट काढायला लावून पोटऱ्या रगडायला बसली. "सासरी सांगू नकोस हां. लग्नाआदीच पाय गेलं म्हनतील."

मुलगी आधी संकोचली, मग हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. काठ्या ओटीवरच राहिल्या. आम्ही आठवण करून दिली तर म्हणाली, "राहू देत. आजींना होतील."

*

आता निडीचं सांगतो. निडीला द्वारकामावशीची धाकटी सख्खी बहीण राहते, यमुना. अगदी रस्त्यालगत घर. पण दोघींचं बोलणं बंद.

कारण काय? मावशीच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे जवळच्या माणसाला लग्नाचं आवतण द्यायला घरी जाऊन अक्षत द्यावी लागते. नेमकी त्या आठवड्यात मावशी तापानं पडली आणि मुलानं शहाणपणा करून यमुनाबाईंना व्हॉट्सॲपवर कार्ड पाठवलं. खाली फुलांचा गुच्छ आणि दोन नाचणारी माणसं! यमुनाबाई लग्नाला आल्या नाहीत. हळदीला सख्ख्या मावशीची जागा रिकामी राहिली, ते द्वारकामावशीच्या काळजाला लागलं. ही म्हणते तिनं यायला हवं होतं, ती म्हणते हिनं बोलवायला हवं होतं.

त्यामुळे निडी आली की आमची मावशी वाट सोडून घरांच्या मागच्या चिखलातून आम्हाला काढते. पहिल्यांदा खरे सर गुडघ्यापर्यंत रुतले, एक सँडल कायमची गेली. सर कळवळून म्हणाले, "अहो, समोर डांबरी रस्ता आहे!"

"तिच्या दारावरनं जान्यापरीस चिखल बरा!"

पुढच्या वर्षी त्याच जागी चिखलावर कुणीतरी चांगली रुंद फळी टाकून ठेवलेली. आम्ही तिघे फळीवरून ऐटीत गेलो. मावशीनं फळीकडे बघितलं, यमुनाबाईंच्या परसाकडे बघितलं, साडी वर खोचली आणि फळीला खेटून चिखलातून गेली!

*

यंदा मात्र मावशीचा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, ही शेवटची चाल, नंतर ऑपरेशन आणि मग एवढं चालायचं विसरायचं. मला धास्ती वेगळीच होती. चालत जाताना वाटेत घर लागलं म्हणून थांबलो, यात कुणाची हार नसते. गाडी करून मुद्दाम जायचं म्हणजे हार. आणि मावशी मुद्दाम कधीच गेली नसती. यंदा राहिलं की दोघी बहिणींचं राहूनच जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. बोलायची हिंमत कुणाचीच नव्हती.

निडीला चिखलात उतरणं शक्यच नव्हतं. मावशी पदर तोंडावर ओढून रस्त्यानं निघाली आणि बरोबर त्या दारासमोर तिचा पाय उचलेना. सर आणि मंगेश लगेच पुढे सटकले. मी अडकलो, कारण मावशीनं माझा दंड धरला होता.

यमुनाबाई ओटीवरून उतरून आल्या. बहिणीकडे न बघता मला म्हणाल्या, "हिला म्हनावं, बस."

मावशीही मलाच म्हणाली, "तिला म्हनावं, मी दमली नाय."

दोघींमध्ये हातभर अंतर. तरी मी इमानदारीत निरोप दिला.

"हिला म्हनावं, गुडगा भोपल्यावानी सुजलाय."

"तिला म्हनावं, माजा गुडगा, माजी मी बगून घेन."

यमुनाबाई फणकारून आत गेल्या. संपलं, असं मला वाटलं. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्या परत आल्या, पायात चपला, हातात पाण्याची बाटली. दाराला कडी घातली.

"हिला म्हनावं, चल. रोव्यापावत येतंय मी. वाटंत पडली तर उचलाया कोन हाय हिला?"

निघालो. डावीकडे द्वारकामावशी, उजवीकडे यमुनाबाई, मध्ये मी. अष्टमीपर्यंत माझं दुसरं कामच नव्हतं. हिला विचार सून कशी आहे, तिला सांग बरी आहे. तिला विचार डोळ्याचं काय झालं, हिला सांग झालं ऑपरेशन. चुलीवरच्या भातापासून मेलेल्या गाईपर्यंत सगळं माझ्या तोंडून इकडून तिकडे गेलं.

अष्टमीच्या दुकानांपाशी यमुनाबाई जरा घुटमळल्या. "हिला विचार, नातवाचं नाव काय ठेवलं?"

मावशी चार पावलं पुढे चालली. मग म्हणाली, "तिला सांग. यशवंत."

मी निरोप द्यायला वळलो तर यमुनाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. यशवंत हे त्या दोघींच्या वडिलांचं नाव. म्हटलं, काहीतरी बोलावं, पण निरोप्यानं स्वतःचं काय बोलायचं?

पूल लागला. पालखीची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, पलीकडून ढोल. मी आपला मध्ये, एकीचं ऐकायला इकडे वाकतोय, दुसरीचं ऐकायला तिकडे. अर्ध्या पुलावर द्वारकामावशी माझ्यावर एकदम खेकसली,

"ए, तू जरा मागं हो बगू! मदी मदी काय चालतोस? आमाला बोलाया येत नाय!"