क्युरासावचे दोन तारे

दुबई मरीनातल्या ताईच्या घरून सकाळीच निघालो. गाडी भाची ऋचा चालवत होती. तिचा जन्म इथलाच. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. डोंगरातले बोगदे संपले आणि समोर समुद्र, बंदरावरच्या उंच क्रेन. खोर फक्कान आलं.

किनाऱ्यावर मुलींच्या बीच व्हॉलीबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती. एका कोर्टाबाहेर दोन खेळाडू वाळूत मांडी ठोकून बसल्या होत्या. ऋचानं चौकशी केली. त्या क्युरासावच्या, कॅरिबियन समुद्रातलं हे बेट अजून डच राजाच्या राज्यात आहे. संयोजकांनी खांबावर चढवला होता डचांचा झेंडा.

"आमचा लावा, मगच खेळू," त्यांतली उंच शार्लीन म्हणाली. नियम असा की अर्ध्या तासात कोर्टात उतरल्या नाहीत, तर सामना समोरच्यांना.

"मॅडम, बॉक्स में जो मिला, वही लगाया. अब खलास (संपलं)," संयोजक मला म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "खलास कैसे? आप खेलेंगे दूसरों के झंडे के नीचे? नया मिला तो लगाओगे?"

"इन्शाल्ला (देवाची इच्छा असेल तर)," तो पुटपुटला.

शार्लीननं फोनवर आपला झेंडा दाखवला. तीस वर्षं शिवण शिकवलंय मी. सुई-दोरा नि छोटी कात्री पर्समध्येच असते. ताईच्या इथल्या मैत्रिणीची ओटी भरायला आणलेले ब्लाउजपीस पिशवीत होते. निळा निघाला, पिवळा निघाला. पांढऱ्यासाठी माझा रुमाल.

"मावशी, प्लीज, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड!"

"गप गं! सुईत दोरा ओव."

त्या फोनकडे बघत निळ्यावर पिवळा पट्टा घातला, कोपऱ्यात दोन तारे टाचले. घाईत दोन्ही सारखेच कापले होते. शार्लीननं माझा हात धरला.

"एक लहान हवा. ते आमच्या शेजारचं छोटं बेट. तिथं कुणी राहत नाही, पण आमचं आहे."

वेळ संपत आली होती, तरी मुकाट्यानं उसवलं. पुन्हा कापलं.

"यल्ला, यल्ला (चला, चला)!" संयोजक ओरडला आणि जरीच्या काठासकट झेंडा वर गेला. पोरी ताडकन उठल्या. सरळ दोन सेटमध्ये हरल्या, मग खांबाखाली उभं राहून त्यांच्या बेटाचं गाणं खड्या आवाजात म्हणाल्या. मला रडू आवरेना.

गावी परतल्यावर जो तो विचारतो, उंच इमारती पाहिल्या का? पाहिल्या की! पण मी आधी सांगते, दोन पोरी आपल्या झेंड्याखाली हरताना पाहिल्या, आणि त्या झेंड्याची शिवण माझी आहे.