शेजारच्या खोलीतला सल्लागार

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना परराष्ट्र धोरणाबाबत सल्ला कोण देतं आणि कसा देतं, हा विषय मी पुण्याच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत शिकवला. पेपरात त्यावर हमखास एक प्रश्न असायचा आणि मुलं हमखास तोच ऑप्शनला टाकायची. मी स्वतः मात्र कुणाला सल्ला दिला आणि त्याने तो मानला, असं आयुष्यात कधी झालं नाही. मी निळी म्हटलं की बायको हिरवी साडी घ्यायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलायला उभा राहिलो की लोकांना वेफर्सची आठवण व्हायची. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातीने जेवणाच्या टेबलावर, "मी अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष झाले," असं जाहीर केलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

हे टेबल म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला होतं. तिथे माझा मुलगा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नातीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा आटोपल्यावर मुलं मोकाट सुटू नयेत म्हणून शिक्षकांनी एक खेळ काढला होता, ज्याला हे लोक प्लानश्पील म्हणतात. दोन काल्पनिक देश, मधे एक सामुद्रधुनी, एकाने दुसऱ्याची मालवाहू जहाजं अडवलेली, आणि दोघांशी मैत्री असलेली अमेरिका. मुलांनी मंत्री, राजदूत, हेरखात्याचे प्रमुख व्हायचं आणि शेवटी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर निर्णय घ्यायचा. सुरक्षा सल्लागार व्हायचा मुलगा फुटबॉल खेळताना पाय मोडून घेऊन बसला होता. बदली माणूस राष्ट्राध्यक्षांनी हवा तिथून आणावा, असं शिक्षकांनी सांगितलं होतं.

"माणूस आहे," मी म्हणालो.

"अहो बाबा, तिला तिचं करू द्या ना," सूनबाई म्हणाली. "खेळ आहे तो, आल्झो, म्हणजे, एवढं काही सीरियस नाही."

सीरियस नाही म्हणे. मी घास खाली ठेवून त्याच टेबलावर नातीला पहिलं व्याख्यान दिलं. सल्लागाराची कामं तीन. सगळ्या मंत्र्यांची मतं, आपल्याला न पटणारीसुद्धा, राष्ट्राध्यक्षांपर्यंत जशीच्या तशी पोचवायची. त्यांना ऐकायला आवडणार नाही ते ऐकवायचं. आणि स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी द्यायचं, तेही विचारलं तरच. नातीने शांतपणे ऐकून घेतलं आणि, "गुट, ठीक आहे, तुम्ही सल्लागार," म्हणाली. माझी ही पहिली सरकारी नेमणूक.

तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मन. मला जर्मन सगळं कळतं, कारण पुण्यातल्या बऱ्याच हौशी लोकांसारख्या मीही तरुणपणी त्याच्या परीक्षा दिल्या होत्या. पण बोलायला गेलो की घाम फुटतो. त्यामुळे ती जर्मनमधून आणि मी मराठीतून असा आमचा संवाद चालतो. इथे तिचं बोलणंही मी मराठीतच लिहितो आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी जर्मनीला नुसता हवापालट करायला गेलो नव्हतो. मला नातीला पुण्याला न्यायचं होतं. तिथली बरीच मुलं शाळा संपली की वर्षभर कुठेतरी परदेशी जाऊन राहतात, मग कॉलेजला लागतात. ते वर्ष तिने माझ्याकडे काढावं एवढाच माझा हट्ट होता. बायको गेल्यापासून फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी आणि मी, असे दोघंच आवाज करणारे उरलो होतो. तिच्या मनात मात्र जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला, आखनला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं, आणि तेही याच हिवाळ्यापासून. दोन्हींतलं काय, ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मी येता-जाता पर्याय मांडत होतो. एक, पुण्याला मजेत वर्षभर. दोन, आखनला घाईघाईने जाऊन गणितात गटांगळ्या. तीन, घरी बसून आईबापांचं डोकं खाणं. आपल्याला हवा तो पर्याय दोन भिकार पर्यायांच्या सोबतीला बसवायचा, ही सल्लागारांची जुनी लबाडी आहे. मी ती वर्गात दुर्गुण म्हणून शिकवली होती. सूनबाई कुठे शिकली ते ठाऊक नाही, पण "बाबा, आज उपमा करू, ब्रेड देऊ की कालची पोळी गरम करू?" असं ती विचारायची तेव्हा उपम्याचा रवा आधीच भाजून झालेला असायचा.

सल्लागारपद मिळताच माझ्या दोन्ही कामगिऱ्या एकत्र आल्या. या विषयातलं एक सत्य असं, की ज्याची खोली राष्ट्राध्यक्षांच्या खोलीला लागून, त्याची सत्ता. मुलाचं ऑफिस खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात. तो सकाळी एकदा उतरला की दुपारी कॉफीपुरता वर येई. सूनबाई म्युनिकला नोकरीला. आणि माझी खोली नातीच्या खोलीला चिकटून. भिंतीवर टकटक केली की भेट पक्की. मी ती वेळी-अवेळी करू लागलो. सामुद्रधुनीबद्दल चार वाक्यं झाली की पाचवं वाक्य पुण्याबद्दल असायचं. "मोठ्या निर्णयाआधी जरा लांब जाऊन विचार करावा," मी म्हणायचो, "उदाहरणार्थ, पुण्याला." ती हसायची आणि विषय बदलायची. चेहरा वाचता येत नाही असे राष्ट्राध्यक्ष सल्लागाराला फार छळतात.

मंत्रिमंडळ आमच्याच घरी जमायचं. मंत्र्यांनी आधी माझ्याशी बोलायचं, मग मी राष्ट्राध्यक्षांना सांगणार, असा नियम मी पहिल्याच दिवशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये करून टाकला. नियम आहे म्हटलं की जर्मन मूल हुज्जत घालत नाही. परराष्ट्रमंत्री सज्जन होता आणि सगळ्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचा. हेरखात्याचा प्रमुख आमच्या फ्रिजचीच टेहळणी करायचा. संरक्षणमंत्री म्हणजे नातीची जिवलग मैत्रीण, उंच, ठसकेबाज जर्मन मुलगी. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन तिने मला गच्चीवर बराच वेळ ऐकवलं. आरमार पाठवू नका. आधी जहाजं अडवणाऱ्या देशाच्या पंतप्रधानांना फोन करून विचारा, तुम्हाला नेमकं काय हवंय. त्यांचीही काही अडचण असेल.

मला हे फार पोरकट वाटलं. फोन काय करायचा, वाढदिवसाला बोलवायचंय का? माझ्या मते आरमार सामुद्रधुनीच्या तोंडाशी नेऊन नुसतं उभं करायचं, म्हणजे समोरचा आपोआप नरमतो. मी पलीकडच्या खोलीत गेलो आणि राष्ट्राध्यक्षांना सांगितलं, "संरक्षणमंत्री जरा साशंक आहेत, पण एकंदरीत विरोध नाही."

"बस, एवढंच म्हणाली?" नातीने विचारलं. "बराच वेळ बोलत होती."

"श्रीखंडाबद्दल," मी म्हणालो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्या क्षणी जगलो, पण तेव्हा मला फक्त आपण मुत्सद्दी असल्याचा आनंद होत होता.

मग हॉलमधला दिवस आला. मुलगा तळघरातून वर आला, सूनबाईने रजा घेतली, मी कोट चढवला. नात निळं जाकीट घालून स्टेजवर उभी राहिली आणि तिने आरमार पाठवल्याचं जाहीर केलं. माझी छाती फुगली. पुढच्याच मिनिटाला समोरच्या देशाचा पंतप्रधान, चष्मा लावलेला एक किडकिडीत मुलगा, उठला. तो म्हणाला की त्यांच्या बंदरात साथ पसरली होती, म्हणून जहाजं थांबवली होती. औषधं मिळाली असती तर वाट लगेच मोकळी झाली असती. कुणी साधा फोन केला नाही. आता आरमार आलंच आहे, तर सामुद्रधुनी कायमची बंद.

हॉलमध्ये कुजबुज झाली. संरक्षणमंत्री उठली. "फोन करा असं मी सांगितलं होतं," ती म्हणाली, "राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना." आणि तिने तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळी शाळा वळून माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आपली पर्स मांडीवर घेतली, जणू मी त्यांच्यावरही आरमार पाठवणार होतो. मुलगा कपाळाला हात लावून हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही ना..." ते वाक्य त्याने अजून पुरं केलेलं नाही.

घरी चालत येताना नातीने मला बडतर्फ केलं. एरवी मला 'डू', म्हणजे 'तू', म्हणणारी पोरगी त्या दिवशी आदरार्थी 'झी' लावून बोलत होती. जर्मन माणूस रागावला की एकदम सभ्य होतो, तेव्हा जपून राहावं. "तुम्ही माझ्यापासून माझ्या मैत्रिणीचं मत लपवलंत," ती म्हणाली. "मी चुकले याचं काही नाही. तुम्ही सांगितलं होतं, मतं जशीच्या तशी पोचवायची. पहिल्याच दिवशी. मी ते खरं मानलं." यावर मी परिस्थितीची गुंतागुंत वगैरे सांगू लागलो. ती पुढे निघून गेली.

त्यानंतर मी भिंतीवर टकटक केली नाही. घरात सगळे माझ्याशी नीट वागत होते, हेच जास्त लागत होतं. सूनबाई न विचारताच उपमा देऊ लागली. पुण्याचं तर नाव काढायची सोय उरली नव्हती. माझा व्हिसा संपत आला होता आणि माझ्या शब्दाला आता रद्दीचाही भाव नव्हता.

परतीच्या आधीच्या शनिवारी रिकाम्या काचेच्या बरण्या टाकायला जायचं होतं. रविवारी तिथे काच टाकता येत नाही, शेजाऱ्यांच्या शांततेचा भंग होतो. पिशवी जड, म्हणून सूनबाईने नातीला माझ्याबरोबर पिटाळलं. कोपऱ्यावर पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेचे वेगवेगळे मोठे कंटेनर आहेत. आम्ही एकेक बरणी टाकायला लागलो. आत काच खळ्ळकन फुटायची.

"आजोबा," ती अचानक म्हणाली, "मला सल्ला हवाय. आखन की पुणे?" खळ्ळ. "पण नीट द्या. दोन्ही बाजू."

म्हातारपणी अशी संधी चालून येते, आणि तीही काचेच्या कचऱ्यापाशी. मी लोणच्याची बरणी हातात धरून विचार केला आणि आधी आखनची बाजू घेतली. म्हटलं, डोकं आत्ता अभ्यासात तरबेज आहे, वर्षभराने गंजेल. तुझी संरक्षणमंत्री मैत्रीणही तिथेच शिकायला जाते आहे. सायकलवरून दुसऱ्या देशात जाऊन यावं इतक्या सीमा जवळ. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. हे सगळं खरंच होतं, त्यामुळे भराभर सुचत गेलं. मग पुण्याच्या बाजूला आलो. म्हटलं, पुण्याला आलीस तर मला बरं वाटेल. मला कुणाशी बोलता येईल. मला जेवायला सोबत होईल. आणि मी थांबलो. पुढचं जे वाक्य तोंडावर येत होतं, तेही 'मला' नेच सुरू होत होतं. पंधरा मिनिटांची व्याख्यानं तासभर ताणणारा मी, पण पुण्याच्या बाजूने तिच्यासाठी असं एकही कारण मला सापडेना. तिथे तिच्या वयाचं कुणी नाही, ट्रॅफिक जीवघेणा, आणि घरात एक तिरसट म्हातारा, जो दुपारी झोपतो आणि पंखा कुणी बंद केला म्हणून भांडतो. तेही मी सांगून टाकलं.

"मग तुमचं मत?" तिने विचारलं.

"आखन," मी म्हणालो, आणि बरणी टाकली. ती चुकीच्या कंटेनरमध्ये गेली.

वळून बघतो तर नातीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने आखनला होकार कधीच कळवला होता. मैत्रिणीबरोबर खोलीसुद्धा ठरली होती, मी विमानातून उतरायच्याही आधी. आईला, बाबांना, कुणालाच तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते माझ्या कानावर आलं असतं. मी दर पाचव्या वाक्याला पुण्याची जाहिरात करत होतो आणि ती हसत विषय बदलत होती, ते यासाठी. "तुम्ही पुणे म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मला सांगताच आलं नसतं."

राष्ट्राध्यक्ष पुष्कळदा निर्णय घेऊन मोकळे झालेले असतात. मग ते सल्लागाराला बोलावतात, कारण कुणीतरी 'बरोबर केलंस' म्हणायला हवं असतं. इतकी वर्षं शिकवूनही मला हे माहीत नव्हतं. "बरोबर केलंस," मी म्हणालो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं; आणि त्याच वेळी जन्मात पहिल्यांदा माझा सल्ला कुणालातरी उपयोगी पडला होता, त्याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसाने काय करावं ते कळत नाही. मी रिकामी पिशवी झटकत उभा राहिलो.

तिने बाहीने डोळे पुसले. "पण मग तिकडे तुम्ही एकटे काय करणार?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मुलाने नाही, सुनेने नाही, आणि मीही स्वतःला नाही.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. हे उत्तर मी आयुष्यात प्रथमच दिलं.