हवेत उघडणारे दार

घर कसे बांधावे हे आमच्या साडूंकडून शिकावे, आणि त्या घराविषयी खोटे कसे सांगावे हे पालेगावाकडून. अंबरनाथच्या पूर्वेला, नव्या इमारतींच्या गराड्यात सापडलेल्या या गावात माझ्या साडूंचे दुमजली घर उभे आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर उत्तरेच्या भिंतीत एक दार आहे. दाराबाहेर गॅलरी नाही, जिना नाही, कठडा नाही. दार उघडले की समोर हवा आणि बारा फूट खाली गवत. “कंत्राटदार नेमला नाही, सगळे स्वतः करायला गेले आणि गॅलरी विसरले,” असे गाव सांगते. माझा मुलगाही हेच सांगतो आणि वर हसतो. हे साफ खोटे आहे. खालचे गवत आमच्या जागेतले आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार माझा.

आमच्या सासऱ्यांनी शेताचे दोन शेजारी तुकडे दोन मुलींच्या नावे केले. उत्तरेचा माझ्या पत्नीचा, दक्षिणेचा तिच्या धाकट्या बहिणीचा. दोन घरे बांधायची आणि वरच्या मजल्यावर मध्ये एक दार ठेवायचे, म्हणजे आमटीची वाटी घेऊन रस्त्यावरून जायला नको, हे दोघी बहिणींनी तेव्हाच ठरवून टाकले होते. दाराची हकीकत एवढीच आहे. पण हकीकत सरळ असली की गावाला करमत नाही.

साडूंनी उभ्या आयुष्यात एका कारखान्याच्या भांडारात कारकुनी केली होती, विटेला हात लावला नव्हता. तरीही निवृत्त होताच त्यांनी घराचा कारभार स्वतःकडे घेतला तो कुणावर विश्वास नाही म्हणून, असे म्हणणाऱ्यांनी त्यांना विटा निवडताना पाहिलेले नाही. बाजारात गृहिणी नारळ वाजवून घेते तसे ते एकेक वीट कानाशी धरून टिचकी मारीत. वाळूत माती किती हे पाहण्यासाठी ती पाण्यात ढवळून निवळू देत, आणि त्यासाठी घरातले पेले वापरीत. एकदा मी उन्हातून आलो आणि समोरचा पेला उचलला, तर ते ओरडले, “साडूभाऊ, पिऊ नका! वाळू बसतेय!” कड्याकोयंडे आणायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आम्ही बरोबर गेलो. तिथे त्यांनी एक कडी इतक्या वेळा लावली आणि काढली की दुकानदार हात जोडून म्हणाला, “साईं, दरवाजा आपका है, पर कान तो मेरे हैं!” साडूंनी शांतपणे दुसरी कडी मागितली.

मात्र त्यांचा खरा पराक्रम पाया खणण्यापूर्वीचा. कागदावरच्या नकाशावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी चुन्याच्या फक्कीने घराच्या सगळ्या भिंती जमिनीवर खऱ्या मापाने आखल्या आणि आठ दिवस पत्नीसह त्या रेघांच्या आत संसार केला. जेवण फक्कीच्या स्वयंपाकघरात, दुपारची वामकुक्षी फक्कीच्या माजघरात. मी भेटायला गेलो आणि सरळ त्यांच्याकडे चालू लागलो, तर त्यांनी हात वर केला. “भिंतीतून आलात, साडूभाऊ. मागे व्हा. दार पूर्वेला आहे.” वयाने मी चार वर्षांनी मोठा असूनही मागे गेलो आणि वळसा घालून आलो. बायकोला आठ दिवस उन्हात बसवली, असे गाव म्हणते. गावाने तिसऱ्या दिवशी काय झाले तेही सांगावे. मेहुणी ओट्याच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, “इथून रस्त्यावरचं माणूस दिसत नाही. खिडकी इकडे घ्या.” साडूंनी तत्क्षणी पायाने रेघ पुसली आणि नवी ओढली. अशी रेघ पुसणारा एक कंत्राटदार मला दाखवा, मी माझे म्हणणे मागे घेतो.

आता गॅलरीविषयी. वरचा स्लॅब भरायच्या आधी मिस्त्रीने माझ्यादेखत विचारले, “शेठ, इधर दरवाजा है, तो गॅलरी का सळई बाहर छोडू क्या?”

“नको. पलीकडून घर येणार आहे.”

मिस्त्रीने गवताकडे पाहिले. “कब?”

साडूंनी माझ्याकडे पाहिले. “दिवाळीनंतर,” मी ठणकावून सांगितले.

पुढे साडूंनी बाहेरच्या भिंतीवर एक लाल रेघ मारली, आमच्या वरच्या मजल्याची फरशी नेमकी त्या रेघेला यावी म्हणून.

इथवर लिहून मी पत्नीला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. “भाऊजी गॅलरी विसरले नाहीत, हे खरं,” ती म्हणाली. “मग विसरलं कोण, तेही लिहा की.”

मी विसरलो नव्हतो. बदलापूरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, तिथे लिफ्ट होती, गुडघे दुखू लागले आणि काम लांबले. त्या दिवाळीला अकरा वर्षे झाली. साडूंनी मला एका शब्दाने विचारले नाही. दर दसऱ्याला ते लाल रेघ उजळतात आणि त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतात. शेजारची म्हातारी खालून विचारते, “अरं, यो दरवाजा हवेन कनाला ठेवलास?” साडू म्हणतात, “पावने येनार हान, आये.”

गेल्या महिन्यात मुलाने जागेला गिऱ्हाईक आणले. सही पत्नीची लागणार होती. “आधी जागा बघते,” म्हणून ती सकाळीच बहिणीकडे गेली. आम्ही गिऱ्हाइकाला घेऊन पोहोचलो, तर गवत कापलेले, जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा, आणि त्यांच्या आत खुर्च्या टाकून दोघी बहिणी चहा पीत बसलेल्या. गिऱ्हाईक सरळ पुढे निघाले. तोच वरचे दार उघडले आणि चौकटीला धरून साडू गरजले, “अहो, भिंतीतून कुठे? दार पूर्वेला आहे!”

गिऱ्हाइकाचा पाय हवेतच राहिला. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी पूर्वेला वळसा घातला, रेघेबाहेर चपला काढल्या आणि आत गेलो. मग मी वर पाहून म्हणालो, “स्वयंपाकघर फूटभर लहान काढलंय तुम्ही.”

“मोजून काढलंय!”

“मग चुकीचं मोजलंय. खाली या.”

ते फक्कीचा डबा घेऊन खाली आले आणि मी पायाने पहिली रेघ पुसली. गिऱ्हाईक केव्हा निघून गेले, ते मला ठाऊक नाही.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि साडू सत्तरीचे. आमची फरशी त्या लाल रेघेपर्यंत पोहोचलेली पाहायला आम्ही दोघेही असू, असा दावा मी करणार नाही. फक्की वाऱ्याने उडते, साडू रोज सकाळी ती पुन्हा ओढतात आणि मला फोन करून विचारतात, “मिस्त्रीला कधी बोलवू?” या वेळी मी दिवाळीचे नाव काढले नाही. सोमवार सांगितला आहे.