थोरल्यांच्या फोनवरची सीट

अणुअभियांत्रिकी म्हणजे बॉम्ब करायला शिकवतात, असं आमचे भाऊजी ठासून सांगत. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले बंधू. जन्मभर खताच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस. पण शहाणपणा पाजळायला त्यांना विषयाची अडचण कधीच नव्हती. आणि माझ्या मुलीला नेमकं तेच शिकायचं होतं. शाळेच्या सहलीत समुद्रकाठची अणुभट्टी लांबून बघून आली, तेव्हापासून दुसरं काही सुचेना तिला.

कॉलेजांची तुलना तिनं स्वतःच केली. चेन्नईच्या बाजूचं एक खाजगी कॉलेज पदवीलाच हा विषय देतं, पण फी अशी की तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं घर विकावं लागेल. जुन्या बसस्टँडजवळचा एक एजंट परदेशात स्वस्तात पाठवतो म्हणे. पहिलं वर्ष नुसतं तिथली भाषा शिकण्यात जातं, हे मात्र त्याच्या तोंडून ओढून काढावं लागलं. मेला लबाड! उरलं आपल्याच राज्यातलं सरकारी कॉलेज. आधी मेकॅनिकल, त्यातच अणुऊर्जेचे थोडे विषय, पुढे एम.टेक. फी परवडणारी, हॉस्टेलही स्वस्त. "अम्मा, हेच," ती म्हणाली. आणि तिथली सीट तिला लागलीसुद्धा! शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन होकार द्यायचा, नाहीतर सीट दुसऱ्याला जाणार, एवढंच बाकी होतं.

पण आमच्या घरात सरळ काही झालंय कधी? भाऊजींनी बैठक बोलावली. "आपण मराठी माणसं," ते म्हणाले. "महाराष्ट्रातल्या कॉलेजात आपल्याला घरची फी लागेल. मराठा राजांबरोबर इकडे आलेल्या लोकांचे वंशज आपण, आपल्याला कोण नाही म्हणणार?" यजमानांनी मान डोलावली. तेवढं एक त्यांना उत्तम जमतं.

मी तिथल्या तिथे महाराष्ट्रातल्या एका कॉलेजला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, मुलीचा जन्म कुठला? तंजावूर. शाळा? तंजावूर. कधीपासून राहता तिथे? "पहिल्यापासून!" भाऊजी छाती फुगवून म्हणाले, आमच्या त्या तमिळ हेलाच्या मराठीत. "मग तुम्ही परराज्यातले. फी जास्त पडेल." फोन बंद. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हे म्हणाले, "कारकुंडा आहे तो. मी वरच्यांशी बोलतो." कप्पाळ!

आता आमच्या घरची रीत सांगते. फॉर्म कुणाचाही असो, शाळेचा, गॅसचा, रेशनचा, त्यावर फोन नंबर थोरल्यांचा. त्यांच्या हाती निरोप आला म्हणजे घराला मान. त्यामुळे सीटला होकार द्यायचा ओटीपीदेखील त्यांच्याच फोनवर येणार होता, आणि शुक्रवारी हे महाशय लग्नाला पापनाशमला. फोन केला तर म्हणतात, "थांबा, इथे पुण्याचे पाहुणे आलेत, त्यांची मोठी ओळख आहे. घाई करू नका." मग फोन उचलेनातच.

"अण्णा विचार करूनच सांगतात," थोरल्या भावाची बाजू घेत यजमान म्हणाले.

"तुम्ही बसा विचार करत," म्हटलं, आणि मुलीला घेऊन बस पकडली. वाटेत प्रत्येक खेड्याला बस थांबत होती. पोरगी खिडकीबाहेर बघत नखं खात होती. माझा जीव नुसता जळत होता.

मंडपात भाऊजी तोंडात विडा धरून, चार माणसं जमवून, महाराष्ट्रात आपल्याला केवढा मान आहे ते सांगत होते. मुलगी समोर जाऊन उभी राहिली. "काका, फोन द्या."

"मुलीच्या जातीला एवढा उतावीळपणा शोभत नाही. आधी या पुण्याच्या पाहुण्यांना नमस्कार कर."

तिनं नमस्कार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, तिकडच्या कॉलेजनं आपल्याला परराज्यातले म्हटलं, ते यांना सांगितलंत का?"

विडा गालातच राहिला. फोन झटकन तिच्या हातात आला. पाच वाजायला अजून थोडा अवकाश होता. तिनं आपल्या फोनवर आकडे टाकले, सीट पक्की झाली, आणि मला रडूच कोसळलं. तोवर भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "शेवटी मीच मिळवून दिली हो सीट!" निर्लज्जपणाला काही सुमार?

पंगतीला बसलो तरी त्यांचा फोन तिच्याकडेच होता. आलेले ओटीपी बघत कॉलेजच्या खात्यात ती स्वतःचा नंबर घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "अम्मा, तुझ्या पगाराच्या खात्याला कुणाचा नंबर आहे?"

वीसेक वर्षं मी शाळेत गणित शिकवतेय. खातं उघडताना फॉर्म यजमानांनी भरला होता.

"काकांचा," मी म्हटलं.

"म्हणजे तुझा पगार झाला की मेसेज काकांना येतो?"

"येतो."

तिनं मान वर केली. मंडपात आल्यापासून मी भाऊजींकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.