खालची डावी दाढ

मी सैन्यात दातांची डॉक्टर होते असं सांगितलं की लोक हसतात. जवानांचेही दात दुखत असतील, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. वडील भिवंडीत कापडाच्या लूमवर काम करायचे. मी शिकले, काही वर्षांच्या करारावर सैन्यात गेले आणि उत्तरेकडे डोंगरातल्या एका लष्करी इस्पितळात रुजू झाले.

तिथे एकदा एक जवान दाढ धरून आला. कार्डावर त्याच्या गावाचं नाव होतं, भिवंडीजवळच्या पडघ्याच्या जरा आतलं. मी मराठीत विचारलं, किती दिवस दुखतंय? तो खुर्चीत उठूनच बसला. खालची डावी दाढ पार पोखरली होती. रूट कॅनॉल आणि वरची कॅप मिळून त्याच्या तीन खेपा झाल्या. चूळ भरायला सांगितलं की तेवढ्या वेळात तो बोलून घ्यायचा. गावाकडच्या शेतांत गोदामं उभी राहिली, आई मात्र उरलेल्या तुकड्यात अजून भात लावते, वडील नाहीत, थोरला भाऊ टेम्पो चालवतो. मला त्याचं बोलणं ऐकायला आवडायचं. एवढंच.

काही महिन्यांनी एक गाडी दरीत कोसळून पेटली. आत तिघे होते. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून दातांची कार्डं घेऊन मला बोलावलं. पहिले दोघे जुळले. तिसऱ्याच्या तोंडात आरसा घातला आणि खालच्या डाव्या दाढेवर कॅप दिसली. ती मीच बसवली होती. तरी नियमाप्रमाणे एक्स-रे काढला, जुन्याशी ताडून पाहिला, फॉर्म भरला, सही केली. मग मेसमध्ये जाऊन राजमा-भात जेवले. दुसऱ्यांदा वाढूनही घेतला. दुपारी चार पेशंट तपासले. रडू येईल म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. आलं नाही.

सुट्टीत भिवंडीला आले तेव्हा त्याच्या घरी गेले. जायलाच हवं होतं असं नाही. मी कोण ते सांगितल्यावर भावाने ओटीवर खुर्ची टाकली. आई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिच्या मुलाच्या दातांवर मीच उपचार केले होते, असं भावाने तिला सांगितलं. ती खडे वेचत राहिली. शवपेटी बंदच आली, उघडायची नाही म्हणून सांगितलं होतं, हे भावानेच मला सांगितलं. अग्नी दिला, दिवस घातले, सगळं रीतसर झालं. पण आई ते मानत नव्हती. आत कुणी दुसराच असेल, नावात घोळ झाला असेल, असं ती शेजारणींना सांगायची. त्याचे कपडे ती कुणाला हात लावू देत नव्हती.

मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाय, तू बघितलास त्याला?"

"हो मावशी."

"तोच होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी फक्त कार्ड पाहिलं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"तोच होता. त्याच्या दाढेवरची कॅप मीच बसवली होती. ती ओळखायला मी चुकणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग म्हणाली, "म्हंजे आता काय न्हाय," आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. तो पिऊन मी निघाले. हायवेला येऊन रिक्षा धरली.

पुढे करार संपला. आता भिवंडीतच धामणकर नाक्याजवळ माझा दवाखाना आहे. बहुतेक लूमवरचे कामगार येतात, त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागतं. मागच्या महिन्यात त्या जवानाचा भाऊ आला, त्याचा एक दात हलत होता. खुर्चीत बसल्यावर त्याने आपणहून सांगितलं, की मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने धाकट्याचे सगळे कपडे बाहेर काढले आणि पाड्यावरच्या लोकांना वाटून टाकले. त्यानंतर ती त्याचं नाव काढत नाही. जेवते, शेतात जाते.

"बरं केलंत तुम्ही," तो म्हणाला. "का वाईट केलंत, ते मला कळत न्हाय."

मलाही कळत नाही, असं मी त्याला सांगितलं. मग दिवा खाली ओढला आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं.