नेनीच्या माहेरची बाटली

आम्ही हंगेरीला निघालो तेव्हा अमेरिकेतल्या ट्रॉयमधल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये चांगलीच खसखस पिकली. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई दिवाळीच्या तोंडावर घराची साफसफाई टाकून वाइनच्या गावाला चालली होती ना! एका मैत्रिणीने तर फोन करून विचारलं, "अगं, नक्की तूच जातेयस ना? की तिकीट चुकून बुक झालंय?" मी म्हटलं, "वाइन प्यायला नाही गं, माझ्या शेजारणीच्या माहेरी चाललेय." आणि ते अगदी खरं होतं.

शेजारीण म्हणजे नेनी. हंगेरियन लोक वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. छत्तीस वर्षं आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण होतं. मिशिगनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तान्ह्या मुलीला घेऊन खिडकीशी रडत बसले होते. नवरा गाड्यांच्या कारखान्यात गेलेला, दारापुढे गुडघाभर बर्फ. ही बाई फावडं घेऊन आली, न विचारता वाट मोकळी केली आणि आत येऊन उलट मलाच रागावली, की रडतेस काय, सूप कर. पुढे मी तिला ठेचा दिला. खाताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण छान आहे म्हणाली. बरणी परत आली ती तिच्या हंगेरियन तिखटाने, पॅप्रिकाने भरून. रिकामी बरणी परत करायची नाही हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. त्या दिवसापासून ती मला आपली वाटायला लागली.

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि नेनी नर्सिंग होममध्ये गेली. मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. मी एक दिवसाआड जायची. तिथेच एका दुपारी तिने मला सगळं सांगितलं. तोकायच्या डोंगराळ भागात तिचं गाव. घरात मुलगी जन्मली की तिच्या आईने त्या वर्षीच्या गोड वाइनच्या तीन बाटल्या गळ्याला लाल लोकर बांधून तळघरात ठेवायच्या. त्या उघडायच्या थेट तिच्या लग्नात. नेनी अठरा वर्षांची असताना, छप्पन सालच्या उठावात, देशात गोळीबार सुरू झाला आणि ती एका मैत्रिणीबरोबर सरहद्द ओलांडून पळाली. बारा वर्षांच्या भावाला काहीच सांगितलं नाही, कारण तो पाठोपाठ आला असता. चार वर्षांनी डेट्रॉइटमध्ये तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिने घरी कळवलं. उत्तर भावाच्या हातचं आलं, एका ओळीचं: तुझ्या बाटल्या मी फोडल्या. त्यानंतर तिने पाठवलेल्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

"तो अजून रागावलाय का, एवढंच बघून ये," नेनी म्हणाली. "बाकी चर्चबिर्च बघायचं असेल तर बघ."

ती शहाऐंशी वर्षांची होती. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नव्हतं.

गाव म्हणजे एक उतरता रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठेंगणी घरं. आमच्या ह्यांना प्रत्येक जुन्या भिंतीवरची पाटी वाचायचीच असते, मग ती भाषा कळो न कळो. पिवळ्या रंगाचं चर्च पाहिलं. चौरस्त्यावर द्राक्षमळ्यांची राखण करणारा एक दगडी संत होता. पीक चांगलं आलं की त्याला वाइन पाजायची आणि कडाक्याची थंडी पडून मळे करपले की त्याच्यावर पाणी ओतायचं, अशी तिथली जुनी रीत. देवाला असं रागे भरणारे लोक मला लगेच आवडले. ज्यूंचं एक सिनेगॉग होतं, नुकतंच सुंदर दुरुस्त केलेलं, निळ्या नक्षीच्या छताचं. तिथे प्रार्थना करणारी माणसं मात्र युद्धात छळछावण्यांत नेली ती परत आली नाहीत. आमच्या गेस्ट हाऊसची मालकीण गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती आमच्याबरोबर फिरत होती. सिनेगॉगमध्ये ती नुसती दार धरून उभी राहिली.

नेनीच्या भावाकडे आम्हाला मालकीणच घेऊन गेली, दुभाषी म्हणून. गावामागच्या टेकडीत ओळीने तळघरांची दारं होती. त्यातल्या एका दारात तो उभा होता. ऐंशीचा, काटक, आणि हनुवटी हुबेहूब नेनीची. ती पाहून मला भरूनच आलं. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही म्हणून मी बेसनाचे लाडू करून आणले होते. त्याने डबा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवला. तुमची बहीण आजारी आहे, चालता येत नाही, तुमची आठवण काढते, असं मी मालकिणीकरवी सांगितलं. त्याने मान हलवली आणि आमच्या ह्यांना पिंपं दाखवायला आत घेऊन गेला. बहिणीबद्दल एक शब्द विचारला नाही. मला असा राग आला! इतक्या लांब येऊन ह्या माणसाची पिंपं बघायची?

पायऱ्या निसरड्या होत्या आणि माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी दाराजवळच थांबले. "अगं, टच करू नकोस काही, प्लीज," आतून ह्यांचा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस बायकोला ओळखतो ते असं.

त्या तळघराच्या भिंती, छत, कोनाडे, सगळं काळ्या मऊ बुरशीने मढलेलं होतं. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी केली, बुरशी म्हणजे माझी जन्माची वैरीण. त्यात दिवाळी चार दिवसांवर आलेली, घरी एक कपाटसुद्धा न आवरता निघालेले. दारालगतच्या एका कोनाड्यात तीन बाटल्या होत्या, इतक्या काळ्या की काच दिसत नव्हती. माझे हात शिवशिवायला लागले. तेवढीच आपली मदत, असं मनाशी म्हणत मी पर्समधून ओले टिश्यू काढले आणि एक बाटली घसाघसा पुसायला घेतली. बुरशी काजळासारखी निघत होती. खालून काच आली, मग गळा आला, आणि गळ्याभोवती गाठ मारलेली लोकर. रंग पार विटकरी झालेला, पण मुळात लाल.

मागे कोणीतरी ओरडलं. म्हातारा येऊन उभा होता. त्याने बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली आणि भराभरा काहीतरी बोलला. मालकीण कानकोंडी होऊन म्हणाली, "ही बुरशी इथे कोणी पुसत नाही. तिच्यावरून तळघराची इज्जत ठरते. इतकी यायला साठ-सत्तर वर्षं लागतात."

मी मराठीतच म्हटलं, "चुकलं हो माझं." आणि मग त्या लोकरीकडे बोट दाखवलं. दुसरं काय करणार?

तो खाली बसला, एका उपड्या टोपलीवर. लोकर बोटांत धरली. मग बोलू लागला आणि मालकीण हलक्या आवाजात आम्हाला सांगत गेली. "फोडायचं ठरवूनच आलो होतो. एक उचललीसुद्धा. पण ह्या बाटल्या आईने सैनिकांपासून भिंतीत चिणून वाचवल्या होत्या. हात उठेना. पत्र मात्र आधीच टाकलं होतं. मग आता काय लिहायचं, म्हणून राहिलं. पुढे आई गेली, तेव्हाही लिहिलं नाही. मग तर लाजच वाटायला लागली."

आमचे हे चष्मा पुसत उभे राहिले. मी उघड रडले.

म्हाताऱ्याने लाडवांचा डबा उघडला, एक लाडू तिथेच खाल्ला आणि पुसलेली बाटली माझ्या हातात दिली. "ही तिला द्या. दोन मी ठेवतो. त्या न्यायला तिने स्वतः यावं."

"तिला चालता येत नाही," मी परत सांगितलं.

"कळलं मला," तो म्हणाला. "तरी असंच सांगा."

ह्यांच्या दोन स्वेटरांत आणि माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून बाटली डेट्रॉइटला सुखरूप उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सिंग होममध्ये गेले. नेनी खिडकीजवळ खुर्चीत होती. मला बघताच म्हणाली, "अजून रागावलाय?"

मी साडीचं गाठोडं सोडलं आणि बाटली तिच्या मांडीवर ठेवली. तिने लोकर पाहिली. मग मी सगळं सांगितलं, त्याचा निरोपसुद्धा शब्द न शब्द. ती बाटलीवरून नुसता हात फिरवत होती. एकदम थांबली.

"काळं कुठे गेलं?"

"पुसलं मी," मी म्हटलं.

"पुसलंस? माझ्या आईच्या तळघरातलं?" कित्येक महिन्यांत तिचा इतका खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. "छत्तीस वर्षं तुझं हेच! माझा बर्फाचा बूटसुद्धा दारात ठेवू दिला नाहीस!" ओरडताना ती रडत होती आणि मी हसत, रडत तिची बोलणी खात होते.

मग तिने लोकरीच्या गाठीखाली नख घातलं. माझ्या टिश्यूतून सुटलेलं काळं तिथे थोडं उरलं होतं. ते तिच्या बोटाला लागलं. तेवढ्यात नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आली आणि बोट बघून ओला टॉवेल पुढे केला.

नेनीने मूठ मिटली. "राहू दे," ती म्हणाली. "घरचं आहे ते."